दूधवाटा

मंडईच्या कमाईचं काय करायचं यावरून पान्हा मंडळात दर सालाला भांडण व्हायचं आणि दर सालाला बेबीबाईच जिंकायची. यंदाही बायका तिच्या घराच्या सपरीत, ओसरीवर जमल्या, चहा झाला, आणि टीनानं मोबाईल पुढे करून विजेवर चालणाऱ्या, आईचं दूध काढायच्या मशीनचा फोटो सगळ्यांना दाखवला. टीना भंडाऱ्याला कॉलेज शिकलेली, अंगावर पिणारी लेक मांडीवर, बोलणं सरळसोट. बेबीबाईनं फोटो आधी लांब धरून पाहिला, मग नाकाशी धरून पाहिला.

"मस्त आहे," ती म्हणाली. "पन हे मशीन लाडू खाते काय?"

बायका हसल्या आणि भांडण मिटलं. टीनाही हसली, पण तिनं मोबाईल जरा जोरातच पिशवीत टाकला.

पान्हा मंडळ म्हणजे काही सरकारी योजना नव्हे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जुनं गाव गेल्यावर जी नवी वसाहत झाली, तिथल्या आणि शेजारच्या चार खेड्यांतल्या या बायका. कुणी बाळंत झाली, लेकरू छातीला धरत नसलं, दूध गोठून बाई तापली, किंवा सासू "हिले दूधच नाही" म्हणून पावडरच्या दुधाचा डबा उघडायला निघाली, की मंडळातली एक जाऊन तिच्या उशाशी बसायची. एखाद्या लेकराची आई आजारी पडली तर मंडळातली पाजती बाई ते लेकरू आपल्या अंगावर घ्यायची. पगार नाही, भत्ता नाही. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि नाटकाला बसलेल्या माणसाला पहाटेपर्यंत चारदा भूक लागते. मंडपाशेजारी आलुबोंडे आणि चहाचं दुकान मांडायचं, हीच मंडळाची कमाई.

त्या कमाईतून आधी वर्षभराच्या ऑटो-गाड्यांची सोय व्हायची आणि उरलेल्याचा दूधवाटा निघायचा. तो नगदी नाही. नगदी दिलं तर ते कुणाच्या खिशात जातं हे बेबीबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून डिंक, खोबरं, मेथी, गूळ आणून ती लाडू वळायची आणि ज्या सभासद बाईच्या अंगावर दूध आहे, तिलाच ते मिळायचे. कढईशी कोण राबलं हे बघायचं नाही, पाजतं कोण हे बघायचं. शिवाय लाडू तिथंच, तिच्या सपरीत बसून खायचा. घरी नेलेला लाडू बाळंतिणीच्याच तोंडात जातो असं समजणाऱ्यानं आपली घरं पाहिलेली नाहीत. तो आधी नवऱ्याच्या ताटात जातो, मग दिराच्या, मग शाळेतून आलेल्या पुतण्याच्या. आणि लाडू खाल्ला की बाई बांधली गेली: हाक आली की उठून जायचं, कुणाचंही लेकरू रडत असलं तरी त्याला पाजायचं.

लाडू वाटायच्या दिवशी रिता परातीपासून लांब, खांबाला टेकून बसली होती. मंडईत कढईपाशी तीच उभी होती. हातावर तेलाचे फोड अजून सुकले नव्हते. पण तिची मांडी रिकामी होती आणि पाजत्या बायका तिच्याकडे पाठ करून बसाव्या की तोंड करून, या पेचात इकडेतिकडे सरकत होत्या. ज्येष्ठात तिचा मुलगा गेला होता.

बेबीबाईनं परातीतून चार लाडू उचलले आणि रिताकडे वळली. "हे तुह्ये."

"काकू, नियम म्हंजे नियम," टीना म्हणाली. मग रिताकडे बघून जरा नरम आवाजात, "ताई, वाईट नको वाटून घेऊ. अंगावर दूध आहे काय तुह्या?"

"नाही," रिता म्हणाली.

"नसू दे!" बेबीबाई टीनावर डाफरली. "पोरीचं अंग झिजून गेलं. पुढच्या खेपेले कामी पडन." तिनं आपला लाडका नियम आपल्याच हातानं मोडला आणि ते लाडू डब्यात घालून रिताच्या पदराखाली दिले. इतक्या पित्या लेकरांमध्ये बसून खा, असं तिला कोणत्या तोंडानं सांगणार? "घरी ने. अन् तूच खाशीन. मले समजते कोन खाते ते."

रिता डबा घेऊन उठली. घराकडे चालताना तिला वाटत होतं की मागून कुणीतरी हाक मारावी, हात धरावा आणि सगळ्यांसमोर विचारावं. कारण ती धडधडीत खोटं बोलली होती. तिच्या ब्लाउजात दुहेरी घडीचं फडकं होतं आणि ते आत्ताही ओलं होतं.

तिचा मुलगा दिवस भरायच्या आधीच झाला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. वसाहतीतली कितीतरी लेकरं रितानं त्यांच्या आयांच्या छातीला लावून दिली होती. हनुवटी कशी टेकवायची, मान कशी धरायची, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिच्या स्वतःच्या मुलानं मात्र कधी छातीला तोंड लावलं नाही. ती वाटीत दूध काढून द्यायची आणि नर्स ते नळीनं त्याच्या पोटात सोडायची. एका सकाळी नर्सनं वाटी परत आणून दिली, भरलेलीच. बारसं झालं नव्हतं, तेव्हा हाक मारायला नावसुद्धा नव्हतं. योगेंद्र, तिचा नवरा, त्याला कपड्यात गुंडाळून घेऊन आला आणि गावाबाहेर, धरणाच्या पाण्यापासून बरंच वर, एका पळसाखाली त्यानं त्याला मातीत ठेवलं.

दूध मात्र येतच राहिलं. ज्याच्यासाठी आलं तो गेला, हे छातीला कोण सांगणार? बेबीबाईनं तेव्हा रोज येऊन तिला सांगितलं होतं की जड झालं तरच जरासं काढ, निचरून काढू नको, काढशील तेवढं येतं. रितानं ऐकलं. पोळ्यापर्यंत छाती जवळजवळ कोरडी झाली होती.

मग पाऊस सरत आला, धरण भरत आलं आणि एका दुपारी योगेंद्र जाळी काढून आला तो हातपाय न धुता दारातच बसला. "पयसापर्यंत पानी आलं," त्या पळसाबद्दल एवढंच तो म्हणाला.

त्याच दिवशी दिवेलागणीला रिता घरामागच्या सांदवाडीत, गायीच्या परसात, धानाच्या तणशीच्या ढिगापाशी बसली होती. योगेंद्र पुन्हा डोंग्यात, मासे धरायला गेला होता, सासू पुढे भाजी निवडत होती. उजेड असा अर्धवट की गाय दिसते पण तिची शिंगं दिसत नाहीत. आधी तिला छातीत ती ओळखीची कळ आली, हजार मुंग्या चालल्याची. मग मांडीवर वजन आलं. फार नाही, पेटीतून एकदाच हातात दिला होता तेवढंच. तिनं खाली पाहिलं नाही. तिनं ब्लाउजची खालची दोन बटणं काढली आणि हाताची खोळ केली, जशी ती सगळ्यांना शिकवायची. त्यानं धरलं. पहिल्याच वेळेला, बरोबर, जसं धरायला पाहिजे तसं धरलं. त्याचे पाय गार होते, तोंडही गारच. घरात दिवा लागला तसं वजन उतरलं, आणि तिच्या पदराच्या कडेला पाणी होतं, दूध नव्हे, पाणीच, चिखलाचा वास असलेलं.

हे खरं का खोटं, ते ज्यानं त्यानं आपल्या बुद्धीनं ठरवावं. रिताला ठरवायची गरज नव्हती, कारण दूध परत आलं होतं. आणि पिणारं कुणी असल्याशिवाय दूध परत येत नाही, हे तिला मंडळानंच शिकवलं होतं. तेव्हापासून तो रोज यायचा. तिला भीती वाटायची का? वाटायची. पण दुपार कलली की तिचं लक्ष उन्हाकडे लागायचं, आणि एखाद्या दिवशी पाहुणे आले, सांदवाडीत जायला उशीर झाला, तर ती हातातलं भांडं आपटायची. सासू सीताबाई अशा वेळी काही बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलणारी. लेकरू गेल्यापासून तर तिनं सुनेशी मिठाला आणि पाण्याला लागतील तेवढेच शब्द ठेवले होते. पुरुषमाणसं रडून मोकळी झाली, ही बाई रडलीसुद्धा नाही, असं रिताच्या मनात होतं.

डब्यातले लाडू तिनं सांजेला एकेक करून त्याच्यासाठी खाल्ले. घशाखाली उतरताना प्रत्येक घास तिला टोचला. तो वाटा जित्या लेकरांचा होता. आणि तिच्या अंगावर दूध आहे हे कळलं असतं तर मंडळानं तिला हाक मारली असती, एखाद्या पोराला पाजायला लावलं असतं, आणि सांजेला आपल्या पोराला काय पाजायचं? पोट भरलं नाही तर तो उद्या येईल का? तिची सगळी दुनिया एवढ्या एका प्रश्नावर येऊन थांबली होती. म्हणून ती 'नाही' म्हणाली होती.

त्या आठवड्यात धानाची कापणी जोरात होती. शुक्रवारी सकाळी तिसऱ्या गल्लीतून गाडीचा आवाज आला, मग बायकांचा गलका, मग गाडी गेली आणि मागे एका लेकराचं रडणं राहिलं. कुणाचं ते रिताला लगेच कळलं. निकेशची बायको हर्षा नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. शेजारीण वाटेनं सांगत गेली की हर्षाला झटके आले, निकेश तिला घेऊन भंडाऱ्याला गेला, तान्ही आजीपाशी आहे.

रडणं थांबेना. पहिल्या हंबरड्यालाच रिताच्या छातीत कळ आली आणि फडकं भिजलं. तिनं दार लावलं. खिडकी लावली. उखळापाशी बसून ती उगाच मिरच्या कुटत राहिली. मिरच्या संपल्या तर रिकामं उखळ कुटत राहिली. सीताबाई दाराच्या उंबऱ्यावर येऊन तिच्याकडे बघून गेली. दुपारपर्यंत ते रडणं बारीक होत गेलं, घोगरं झालं. रडणाऱ्या लेकराचा आवाज बारीक होणं म्हणजे काय, हे रितासारखीला सांगायला नको. तरी ती उठली नाही.

ऊन उतरताना बेबीबाई स्वतःच आली. घामानं निथळलेली, पदर खोचलेला.

"चाल," ती म्हणाली. "हात पाह्यजे तुह्या. टीना तापेनं फनफनली आहे, छातीत गळू झालं तिले. वसाहतीतली दुसरी पाजती भावाच्या लग्नाले साकोलीले गेली, बाकीच्या लांबच्या खेड्यांतल्या. ते पोट्टी चमच्यानं घेत नाही, वाटीनं घेत नाही, सारं थुकते. दवाखान्यातून गाडी बलावली आहे, पन ती कापनीच्या ट्रॅक्टरांत कुठी अडकली देव जाने. गाडी येईस्तोवर दोन घोट तरी गेले पाह्यजे. तुह्या हात हलका आहे. तू चमच्यानं पाजून पाह्य."

"काकू, मले..."

"मले माहीत आहे वो," बेबीबाईचा आवाज एकदम खाली आला. "लेकरू हाती घेनं कठीन आहे तुले. पन कोनाले बलावू?"

रितानं मुसळ भिंतीला टेकवलं. ती निघाली. निघताना तिनं सांदवाडीच्या दाराकडे पाहिलं. उन्हाची पट्टी अजून भिंतीवर होती. तिनं मनातल्या मनात त्याला सांगितलं की आत्ता येते.

हर्षाच्या घरी चंद्रभागाबाई, निकेशची आई, नातीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हातारीचे डोळे सुजले होते. बाजेवर वाटी, चमचा, पावडरचा डबा. रितानं हात धुतले, जवळ बसली, मुलीला हातात घेतलं. लालबुंद, सुरकुतलेली, ओठ सुकलेले. मुलीनं मान वळवली, रिताच्या कुशीत नाक खुपसलं आणि उरलंसुरलं सगळं बळ एकवटून रडली.

मग लपवायचं काही उरलं नाही. फडकं भिजलं, ब्लाउज भिजला, पदर भिजला, आणि पदराखालून एक थेंब मुलीच्या गालावर पडला. मुलीनं जीभ काढून तो चाटला.

बेबीबाईच्या हातातला चमचा वाटीत पडला. हसून-भांडून सगळं निभावणारी ती बाई त्या क्षणी म्हातारी दिसली.

"येवढं दूध," ती म्हणाली. "ज्येष्ठापासून? हे सकाळपासून रडून राहिली रिता. तुह्या घरापर्यंत आवाज जाते."

"जाते," रिता म्हणाली. "मीनं दार लावलं."

"काहून वो? कोनासाठी ठेवलं?"

रिता खोटं बोलू शकली असती. एकदा बोलली होती. पण ती मुलगी तिच्या पदराशी झोंबत होती आणि बाहेर ऊन उतरत होतं, आणि हे ओझं एकटीनं वाहून ती थकली होती.

"तो येते," ती म्हणाली. "दिवेलागनीले. पयसापर्यंत पानी आलं तेव्हापासून येते. तो पेते, म्हनून दूध आहे."

चंद्रभागाबाईनं झडप घातली आणि नातीला तिच्या हातातून ओढून घेतलं. "नाही! नाही वो बाई! मेलेल्याचं उष्टं माह्या नातीच्या तोंडात? उठ तू! उठ इथून!"

रिता उठली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं तिला. घरी जायला अजून वेळ होता, अजून पोचता आलं असतं. पण दारापर्यंत जाताना 'मेलेल्याचं उष्टं' हे तिच्या मनात असं जाऊन बसलं की पाय उचलेना. तिच्या पोराला आजवर कुणी काही म्हटलं नव्हतं. नाव नाही, हाक नाही. त्याच्या वाट्याला आलेला पहिला शब्द हा. ती दारात उभी राहून रडायला लागली, मोठ्यानं, लाज सोडून, आणि आत ती मुलगी रडत होती.

"चंद्रभागा," बेबीबाई म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. "तुह्या घरी गाय आहे. सकाळी काढतेस तं आधी वासरू सोडतेस का नाही?"

"सोडतो. मंग?"

"वासरू आधी पेते, पान्हा त्याच्यानं येते, मंग आपन काढतो. त्याच दुधाचा नैवेद्य देवाले वायतेस. कधी उष्टं म्हनलं?" ती थांबली. "तिचा पोरगा वासरू आहे असं समज. पान्हा त्यानं आनला. येवढंच. आता या पोट्टीले उपाशी मारतेस का पाजू देतेस, तू आजी आहेस, तू सांग. तिचं रक्त दवाखान्यात तपासलेलं आहे, त्याची जबाबदारी माही."

म्हातारी नातीकडे बघत राहिली. मुलीचं रडणं आता आवाजाविना चाललं होतं, नुसतं तोंड उघडत आणि मिटत होतं. चंद्रभागाबाईनं डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केले.

रिता बाजेवर बसली. खिडकीतून आलेला उजेड तिच्या गुडघ्यावर होता आणि तो पिवळा पडत चालला होता. हीच वेळ. तो आता तणशीच्या ढिगापाशी आला असेल. चाचपडत असेल. 'राजा, माफ कर मले,' असं म्हणून तिनं मुलीची हनुवटी टेकवली.

मुलीनं धरलं आणि रिताच्या अंगावर काटा आला. जितं तोंड गरम असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्यांना तिनं सगळं शिकवलं होतं, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घोट घेतल्याचा आवाज यायचा, नाकातून फुसफुस यायची, एक बारीक मूठ तिच्या फोड आलेल्या हातावर आपटायची. मुलगी घाईघाईनं, हावरटासारखी, हक्कानं पीत होती. रिताला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची तिला इतकी शरम वाटली की तिनं पदर तोंडात कोंबला. एक बाजू रिती झाली. बेबीबाईनं मुलीला खांद्यावर घेऊन ढेकर काढला आणि दुसऱ्या बाजूला दिलं. दुसरीही रिती झाली. खिडकीतला उजेड गेला. चंद्रभागाबाईनं उठून दिवा लावला.

कधीतरी गाडी आली. बेबीबाई नात आणि आजी दोघींना घेऊन गाडीत बसली. बसताना ती रिताला म्हणाली, "निकेशचा फोन आला, हर्षा शुद्धीवर आहे. पन तिले पाजता यायले येळ लागन. उद्या सकाळी मीनं गाडी पाठवली तं येशीन? त्या चार लाडवांचं नाही म्हनत मी. त्याचं काही नाही. तुले इचारून राहिलो फक्त."

पण रिता तोवर गाडीपाशी नव्हती. ती पळत सुटली होती.

गल्लीत दिवे लागले होते. धान भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, ती त्याच्या मागून घसरत, ठेचाळत गेली. छाती हलकी, रिकामी, लोंबणारी. आता तो आलाच असेल, आला आणि कुणी नाही म्हणून गेला असेल, आणि आपण पोचलो तरी त्याला द्यायला थेंब नाही. एकदा दवाखान्यात तिच्या दुधाची वाटी भरलेली परत आली होती. आज तिनं त्याला रिकामी वाटी ठेवली होती. पाण्यातून येणारं लेकरू, किती वेळ थांबणार? पुन्हा येणार कशाला?

घरात अंधार होता. सीताबाईनं दिवा लावला नव्हता. असं कधी झालं नव्हतं. घर जळत असलं तरी ती बाई दिवेलागणीला देवापुढे वात लावल्याशिवाय राहायची नाही. रिता धडपडत स्वयंपाकघर ओलांडून मागे गेली. सांदवाडीचं दार सताड उघडं होतं.

तणशीच्या ढिगाला टेकून सीताबाई बसली होती. मांडी घातलेली, त्यावर लुगड्याचा पदर पसरलेला, आणि तिचा एक गुडघा हळूहळू, एका लयीत हलत होता. रिताची चाहूल लागताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागला त्याचा."

रिता जागच्या जागी खाली बसली.

"आत्याबाई..."

"लई रडला आज. तुह्या येळ टळला ना. इकडून तिकडं, इकडून तिकडं करत होता. मंग मीनंच घेतलं. म्हनलं दिवाच नको लावाले, दिवा लावला का जाते तो." गुडघा हलतच होता. "रोज आयकतो मी दाराआडून. तूनं येका दिवशी बी मले हाक नाही मारली, रिता."

या म्हातारीला रिता इतके महिने दगड समजत होती.

"दवाखान्यात मले कोनी नेलं नाही," सीताबाई म्हणाली. "धानाची पेरनी होती. अन् मातीत ठेवाले बायकांनी येऊ नोय म्हने. कपडा बांधूनच आनला, बांधूनच नेला. त्याचं तोंड पाह्यलं नव्हतं मीनं. नाक योगेंद्रचं आहे वो. कान तुह्ये." ती बोलता बोलता थांबली आणि मांडीवरचा पदर नीट केला. "चंद्रभागाच्या नातीनं पेलं काय?"

"पेलं," रिता म्हणाली. तिला हुंदका आवरेना. "सारं पेलं. याच्यासाठी काही नाही राह्यलं."

"बरं झालं. जिती आहे ते. उद्या बी जाय."

अंधार आता पुरता पडला होता. गाय कुठे आहे ते फक्त तिच्या श्वासावरून कळत होतं. रिता गुडघ्यांवर सरकत सासूच्या जवळ गेली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडे," ती म्हणाली. "द्या, मी घेतो."

सीताबाईनं मांडी जराशी आपल्याकडे वळवली.

"राहू दे," ती म्हणाली. "तूनं लई दिवस घेतलं. आता थोडं मले घेऊ दे."